‘स्टॉकला आहे’ म्हणजे नक्की काय आहे? स्पेअर पार्टचं स्टोअर लावतानाचा अनुभव

स्पेअर पार्टचं स्टोअर माझ्याकडे आलं ते खरं तर सॉफ्टवेअरमुळे. मेंटेनन्सचं नवीन सॉफ्टवेअर घेतलेलं, त्यात सगळा स्टॉक चढवायचा होता, आणि वरच्यांची कल्पना अशी की जुनं रजिस्टर एक्सेलमध्ये टाइप करायचं, एक्सेल अपलोड करायची, झालं काम. मशीनची माहिती असणारं कोणीतरी हवं म्हणून मला मेंटेनन्समधून उचलून तिकडे बसवलं. तोपर्यंत मी स्टोअरच्या खिडकीच्या अलीकडून इश्यू स्लिप (पार्ट मागायची चिठ्ठी) सरकवणाऱ्यांतला, आता पलीकडे गेलो, आणि रजिस्टर उघडल्यावर लक्षात आलं की यात टाइप करण्यासारखं फार काही नाहीये.

म्हणजे बघा, रजिस्टरला एंट्री अशी की ‘बेअरिंग मोठं, नग ४’. ‘सील पंपाचं’. ‘कॉइल’. नुसतं कॉइल! स्टोअर बघणारे जे काका होते त्यांना सगळं तोंडपाठ, कुठला डबा कुठल्या मशीनचा, कोणी कधी आणून ठेवला, का परत आला, सगळं. माणूस एकदम भला आणि कामाचा, पण काका घरी गेले की निम्मा स्टॉक त्यांच्यासोबत घरी जायचा. रात्रपाळीला पार्ट स्टोअरमध्ये असूनही नसल्यासारखाच.

एक गोष्ट मी सुरुवातीलाच धरून ठेवली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. पार्ट ‘आहे’ असं म्हणायचं असेल तर तो सापडला पाहिजे, बसला पाहिजे आणि चालला पाहिजे. तिन्ही जमलं तरच तो स्टॉक, नाहीतर ते फक्त सामान. म्हणून कॉम्प्युटर बाजूला ठेवला, रॅकला रंग देणं, लेबलं लावणं हेही नंतर, आधी एक रिकामं टेबल, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन), भिंग, मार्कर, झिपवाल्या पिशव्या आणि एक अनुभवी फिटर एवढं मागून घेतलं. फिटर द्यायला खळखळ झाली, साहेब म्हणाले स्टोअरच्या कामाला फिटर कशाला, पण तो नसता तर मला एकट्याला अर्ध्या वस्तू ओळखूच आल्या नसत्या.

सुरुवात बेअरिंगपासून केली कारण त्यांच्यावर नंबर कोरलेला असतो, ओळखायला सोपी. ६२०५ म्हटलं की शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणायचं, आतला व्यास २५ मिलिमीटर. ०४ पासून पुढे हा हिशोब चालतो, त्याआधीचे चार पाठच करावे लागतात, ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. इथपर्यंत सगळ्यांना येतं. घोळ पुढच्या अक्षरांचा असतो. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूला पत्र्याची शील्ड, टू-आरएस म्हणजे रबरी सील, सी-थ्री म्हणजे आतली फट नेहमीपेक्षा जास्त, जी गरम चालणाऱ्या मोटरला वगैरे लागते. आमच्याकडे हे सगळे एकाच खणात ‘६२०५’ म्हणून नांदत होते, आणि घेणारा वरचा डबा उचलून जायचा. याहून वाईट प्रकार मोठ्या स्फेरिकल रोलर बेअरिंगचा. २२२२० आणि २२२२० के शेजारी शेजारी, डबे सारखे, बाहेरचा व्यास सारखा, आतलं नाममात्र माप तेही १००, पण ‘के’ वाल्याचं भोक निमुळतं असतं, एकास बारा या प्रमाणात, ते ॲडॅप्टर स्लीव्हवर, म्हणजे मधे घालायच्या निमुळत्या नळीवर, किंवा तशाच निमुळत्या शाफ्टवर चढतं. सरळ शाफ्टवर त्याचा काही उपयोग नाही. म्हणजे कागदावर दोन, आणि आपल्या मशीनसाठी एक.

कॉन्टॅक्टरचं, म्हणजे कॉइलने चालणाऱ्या विजेच्या स्विचचं, पण तसंच. बाहेरून हुबेहूब सारखे, अँपिअर सारखे, आणि कॉइल एकाची २४ व्होल्ट डीसी, दुसऱ्याची ११० एसी, तिसऱ्याची २३०. सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या कॉइलला हाच न्याय. माझं सरळ म्हणणं आहे की कॉइलचा व्होल्टेज नावातच पाहिजे, शेऱ्यात वगैरे नको, शेरा कोणी वाचत नाही. व्ही-बेल्टमध्ये बी सेक्शन आणि एसपीबी या दोन प्रकारांची वरची रुंदी जवळपास सारखी दिसते, १७ आणि १६.३ मिलिमीटर, पण जाडी ११ आणि १३, त्यामुळे नुसतं डोळ्याने ‘हा तोच’ म्हणणाऱ्याला व्हर्नियर हातात द्यायचा.

सगळ्यात डोकं खाल्लं ते ओ-रिंगांनी, म्हणजे गळती थांबवणाऱ्या रबरी कड्यांनी. एक आख्खा डबा भरून सुट्ट्या ओ-रिंगा, पाकीट नाही, नंबर नाही, सगळ्या काळ्या. रबराचे प्रकार वेगळे, पण नायट्राइल पण काळी, ईपीडीएम पण काळी, आणि व्हिटॉन तपकिरी किंवा हिरवी असते म्हणतात ते बऱ्याचदा खरं असलं तरी काळी व्हिटॉन पण सर्रास मिळते, रंगाचा असा काही पक्का नियम नाही. आता ईपीडीएम खनिज तेलात टाकली की फुगते, म्हणजे हायड्रॉलिकला चुकून लावली तर सील गेलंच. हाताने चोळून, वास घेऊन सांगतो म्हणणारे भेटले, मी नाही ऐकलं. सुट्टा डबा सगळा स्क्रॅपला. काकांचा जीव तीळ तीळ तुटला, म्हणाले अहो चांगला माल फेकताय. मी म्हटलं काका, चांगला असेलही, पण कशाला चांगला ते कोणाला माहितीये? त्यावर त्यांचं उत्तर नव्हतं, पण पटलंही नव्हतं ते चेहऱ्यावर दिसत होतं. पुढे मग नियमच केला, रबरी वस्तू बंद पाकिटातच राहणार, पाकिटावर माप, मटेरिअल आणि बनवल्याची तारीख, लागेल तेवढं लहान पाकीट मागवायचं, पण मोकळं काही ठेवायचं नाही.

मग नावांचा विषय. हे काम दिसायला कारकुनी आहे म्हणून कोणाला करायचं नसतं, पण खरा पैसा इथेच अडकलेला असतो. एकच वस्तू कोणी ‘बेल्ट’ म्हणून लिहिली, कोणी ‘व्ही बेल्ट’, कोणी ‘पट्टा ब्लोअरचा’, कोणी मशीनवाल्याच्या कॅटलॉगमधला लांबलचक नंबर. सॉफ्टवेअरला काय कळणार, त्याच्या लेखी त्या चार वस्तू, चारही वेगवेगळ्या मागवल्या जाणार. मशीन बनवणारे एक करतात, बाजारात मिळणारंच बेअरिंग किंवा सेन्सर आपल्या नंबरच्या पिशवीत घालून देतात. त्यात गैर काही नाही, पण आपण पिशवी उघडून आतल्या वस्तूचा मूळ नंबर लिहून ठेवला नाही तर तीन मशीनसाठी तेच बेअरिंग तीन नावांनी ठेवत बसतो, आणि वर वाट बघतो ती वेगळीच. आम्ही ठरवलं की आधी वस्तूचं नाव, मग प्रकार, मग माप एककासकट, मग मटेरिअल किंवा व्होल्टेज, मग मूळ उत्पादकाचा नंबर, आणि मशीनवाल्याचा नंबर वेगळ्या रकान्यात. उदाहरणार्थ, ऑइल सील, दोन ओठी, ३५ गुणिले ५२ गुणिले ७ मिलिमीटर, नायट्राइल. बस. ज्याला हवंय त्याला ‘ऑइल सील ३५’ टाकलं की सगळी ३५ ची सीलं समोर येतात. लिहिणारा एकच माणूस ठेवला, दुसऱ्या कोणाला नवीन कोड उघडायचा अधिकारच नाही. यावरून परचेसवाले चिडले की तुमच्यामुळे उशीर होतो, होऊ दे म्हटलं.

नावं लागल्यावर प्रत्येक वस्तू कुठल्या मशीनला लागते ते जोडायला घेतलं. तेव्हा जरा धक्काच बसला, कारण रॅकचे मोठमोठे भाग अशा मशीनचे निघाले जी कधीच काढून टाकलेली होती. मशीन स्क्रॅपला गेलं तेव्हा त्याचे स्पेअर बघायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि दरवर्षी मोजणी करणारे ते इमानेइतबारे मोजून, ‘बरोबर’ अशी खूण करून पुढे जात होते. आता मशीन काढायच्या फॉर्मवरच एक सही स्टोअरची पण लागते.

आता ‘चालला पाहिजे’ चं बघू. माझ्या मते याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, कारण लोकांना वाटतं नवीन कोरा पार्ट डब्यात आहे म्हणजे तो नवीनच राहणार. तसं नसतं. बेअरिंग आडवं, मूळ पॅकिंगमध्ये, कोरड्या जागी ठेवायचं असतं, आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असावी असं सांगतात, आणि बघायला म्हणून पाकीट फाडायचं नसतं कारण बोटांच्या घामाने पण गंज धरतो. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. थरथरीचं मात्र माहीत नसतं. आमचा बेअरिंगचा रॅक नेमका कॉम्प्रेसर रूमच्या भिंतीला टेकलेला. रॅकला हात लावला तर बारीक कंप जाणवायचा. बेअरिंग फिरत नसताना अशी थरथर सतत बसली की गोळ्या किंवा रोलर जिथे टेकलेत तिथेच घासून ट्रॅकवर सारख्या अंतरावर खुणा पडतात, त्याला फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात, आणि असं बेअरिंग लावल्या दिवसापासून आवाज करतं. मग लोक म्हणतात माल डुप्लिकेट आला. रॅक समोरच्या भिंतीकडे हलवला, खाली रबरी पॅड टाकले. सीलबंद बेअरिंगमध्ये ग्रीस आधीच भरलेलं असतं आणि ते पडून पडून जुनं होतं, काही उत्पादक अशांना साठवणुकीची साधारण तीन वर्षांची मर्यादा सांगतात, म्हणून आधी आलेलं आधी द्यायचं हा नियम तिथे कडक.

रबराचं तर शास्त्रच आहे. आयएसओ २२३० म्हणून मानक आहे ते खास याच्यासाठी आहे, त्यात रबरांचे तीन गट केलेत. नैसर्गिक रबर, पॉलियुरेथेन वगैरे पहिल्या गटात, साठवणूक ५ वर्षं, तपासून अजून २. नायट्राइल, निओप्रिन दुसऱ्या गटात, ७ आणि वर ३. व्हिटॉन, सिलिकॉन, ईपीडीएम तिसऱ्यात, १० आणि वर ५. हे कधी, तर थंड जागी, म्हणजे २५ अंशांच्या खाली, अंधारात, ताण न देता ठेवलं तर. आणि आमच्याकडे काय होतं? बेल्ट आणि मोठ्या ओ-रिंगा खिळ्यांना टांगलेल्या, एका खिडकीतून दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर. खिळ्यावर टांगलं की जिथे वजन येतं तिथे कायमचा बाक येतो, चीर तिथूनच सुरू होते. शिवाय रबराचा खरा वैरी ओझोन, आणि तो तयार होतो मोटरच्या ब्रशच्या ठिणग्यांतून, वेल्डिंगमधून. स्टोअरच्या कोपऱ्यातच ग्राइंडर आणि वेल्डिंग सेट ठेवलेला, ‘जागा होती म्हणून’. बेल्ट आता आडव्या फळ्यांवर मोकळ्या वेटोळ्यात, खिडकीला रंग, वेल्डिंग सेट बाहेर. हायड्रॉलिक होजचंही, म्हणजे दाबाचं तेल नेणाऱ्या नळीचंही, लक्षात ठेवा, डीआयएन २००६६ या जर्मन मानकाप्रमाणे कपलिंग बसवलेला तयार होज जास्तीत जास्त २ वर्षं साठवायचा आणि साठवणूक धरून एकूण आयुष्य ६ वर्षं. आमच्या रॅकवर असे होज होते ज्यांच्यावरची तारीख वाचून फिटर हसायलाच लागला.

जड वस्तूंची वेगळी कथा. स्पेअर मोटर म्हणजे ठेवली आणि विसरलो असं चालत नाही. शाफ्ट दर महिन्याला काही वेढे हाताने फिरवायचा आणि सोडताना आधीच्यापेक्षा वेगळ्या जागी सोडायचा, म्हणजे ग्रीस पसरतं आणि गोळ्या एकाच ठिकाणी टेकून राहत नाहीत. अधूनमधून मेगर, म्हणजे वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावायचं. आयईईई ४३ या मानकात एक किलोव्होल्टच्या आतल्या साध्या वाइंडिंगला ४० अंश तापमानाच्या हिशोबाने किमान ५ मेगओहम सांगितलेत, पण नुसत्या आकड्यापेक्षा मागच्या वेळेपेक्षा किती घसरला हे मला जास्त कामाचं वाटतं. म्हणून प्रत्येक मोटरला एक कार्ड अडकवलं, तारीख, रीडिंग, फिरवल्याची सही. सुरुवातीला पोरं न फिरवताच सह्या करायची. मग शाफ्टवर आणि कव्हरवर खडूने खूण करायला सांगितली आणि कार्डवर खूण घड्याळाच्या कितीवर आहे ते लिहायचं, तेव्हापासून फिरायला लागल्या. गिअरबॉक्सला पण असंच, शिवाय आत तेल भरून, ब्रीदर (हवा जाण्या-येण्याचं तोंड) बंद करून ठेवायचा, कारण वरचे दात तेलाबाहेर राहिले की गंजतात.

व्हीएफडी ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारं उपकरण, तर लोक वर्षानुवर्षं डब्यात ठेवतात. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा आतला ऑक्साइडचा थर करंट न मिळाल्याने कमकुवत होत जातो, आणि खूप दिवसांनी एकदम पूर्ण व्होल्टेज दिला की उडू शकतो. ड्राइव्हवाल्यांच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं, साधारण वर्षातून एकदा सप्लाय द्या, आणि जास्त काळ पडून असेल तर व्होल्टेज हळूहळू चढवत न्या. आम्ही मॅन्युअलं काढून त्याप्रमाणे यादी केली. मेकॅनिकल सीलच्या घासणाऱ्या तोंडांना बोट लावायचं नाही, डबा आपटायचा नाही. इलेक्ट्रॉनिक कार्ड अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या) पिशवीतच. आणि तेलाचे बॅरल उघड्यावर असतील तर आडवे, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या रेषेत, म्हणजे दोन्ही तेलाखाली राहतात. उभं ठेवलं की वर पावसाचं पाणी साचतं, रात्री बॅरल थंड होऊन आत ओढ बसली की ते पाणी बुचातून आत जातं, आणि मग गिअरबॉक्समध्ये दुधासारखं तेल का झालं याची चर्चा.

हे सगळं होईपर्यंत मला कोणी ‘किती नग ठेवायचे’ विचारलं तर मी टाळत होतो, कारण जुन्या खपाच्या आकड्यांवर माझा विश्वास नव्हता. स्लिपवर सहा लिहून नेलेले, लागले दोन, चार कोणाच्या तरी लॉकरमध्ये. यात फिटरला दोष द्यायला मी तयार नाही, रात्री दोनला स्टोअरमध्ये पार्ट मिळेल याची खात्री नसेल तर शहाणा माणूस स्वतःचा साठा करणारच. मी पण लॉकरमध्ये फ्यूज आणि सेन्सर ठेवायचो. म्हणून आधी जाहीर केलं की ज्याच्याकडे जे असेल ते आणून द्या, कोणी काही विचारणार नाही, नाव लिहिणार नाही. साहेबांकडून तसं सगळ्यांसमोर वदवून घेतलं. पहिल्यांदा कोणी फिरकलं नाही. मग मी माझ्याच लॉकरमधलं सगळ्यांदेखत आणून टेबलावर ठेवलं, त्यानंतर जे येत गेलं ते ठेवायला क्रेट कमी पडले.

मग संख्या. रोज लागणाऱ्या वस्तूंना, फिल्टर, फ्यूज, नेहमीचे बोल्ट, यांना साधा हिशोब पुरतो, माल यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या काळातला खप अधिक थोडी गंगाजळी, तेवढ्यावर आलं की मागवा. किती मागवायचं याचं सूत्र फोर्ड हॅरिसने १९१३ सालीच मांडलंय आणि सॉफ्टवेअर आजही तेच वापरतं. पण हे सूत्र धरतं की खप बऱ्यापैकी सारखा आहे. ब्रेकडाउनचा पार्ट तसा वागत नाही, तो दोन वर्षं हलत नाही आणि मग एका महिन्यात दोनदा लागतो. तिथे सरासरी काढून सॉफ्टवेअर सांगतं ०.०४ नग ठेवा. काय करायचं त्याचं?

अशा वस्तूंना मी पॉइसनचं गणित लावलं, म्हणजे क्वचित घडणारी गोष्ट ठरावीक काळात किती वेळा घडेल याची शक्यता काढायचं, नाव मोठं आहे पण एक्सेलमध्ये एका ओळीत होतं. समजा एकसारखी चार मशीन आहेत, तो पार्ट सरासरी चार वर्षांनी जातो, म्हणजे चारांत मिळून वर्षाला एक. माल यायला सहा महिने लागतात. म्हणजे वाट बघायच्या काळात सरासरी अर्धा नग लागणार. एकही ठेवला नाही तर त्या सहा महिन्यांत अडकायची शक्यता साधारण ३९ टक्के. एक ठेवला तर ९ टक्के. दोन ठेवले तर दीड टक्का. आता निर्णय माणसाने घ्यायचा, मशीन बंद राहिलं तर काय जातं आणि दुसरा नग किती महाग आहे ते बघून. हा तक्ता साहेबांपुढे ठेवला तेव्हा ‘का ठेवायचा, कशाला ठेवायचा’ ही नेहमीची वादावादी झालीच नाही, ९ टक्के चालेल की नाही एवढ्यावरच बोलणं झालं.

महत्त्वाचं कुठलं ते ठरवायला व्हीईडी वापरतात, व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल. पद्धत चांगली आहे, पण फिटरला विचारलं की हा पार्ट महत्त्वाचा आहे का, तर तो प्रत्येकाला हो म्हणणार, आणि अकाउंट्सला विचारलं तर प्रत्येकाला नाही. म्हणून प्रश्न बदलला. हा गेला तर काय थांबतं? स्टँडबाय आहे का? तात्पुरतं काही करून चालवता येतं का? आपल्या वर्कशॉपमध्ये बनवता येतो का? कळवल्यापासून किती दिवसांत हातात येतो? या उत्तरांतून वर्ग आपोआप पडले, आणि गंमत म्हणजे बऱ्याच महागड्या वस्तू खालच्या वर्गात गेल्या आणि एक साधा कपलिंगचा रबरी स्पायडर (दोन शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगमधला रबरी तुकडा) वरच्या. फक्त किमतीवरून ए, बी, सी असे वर्ग पाडणाऱ्यांना हा स्पायडर कधी दिसलाच नसता, तो सी मध्ये तळाला असतो.

जागेबद्दल फार लिहित नाही, रॅक, ओळ, खण असा पत्ता, जड खाली, रोजचं माल द्यायच्या खिडकीजवळ, एवढंच. एक मात्र हट्टाने केलं, ‘किरकोळ’ नावाचा खण बंद. त्या खणात गेलेली वस्तू परत बाहेर आलेली मी पाहिली नाही.

मशीनवरून काढलेल्या वस्तूंचा त्रास वेगळाच. जळकी मोटर उतरवली, ‘नंतर बघू’ म्हणून स्टोअरमध्ये ठेवली, कोणीतरी पुसून रॅकवर चढवली, की ती स्टॉक झाली. पुढच्या ब्रेकडाउनला तीच वर चढवायची आणि मग डोक्याला हात. आता टॅग नसेल तर वस्तू दारातूनच आत घ्यायची नाही, हिरवा म्हणजे तपासलेली, पिवळा म्हणजे दुरुस्त करायची आहे, लाल म्हणजे स्क्रॅप, आणि पिवळ्यांचा कोपरा जाळी लावून वेगळा. काढलेलं बेअरिंग तर कुठल्याच टॅगने परत येत नाही, ‘अजून चालेल’ म्हणणारे येतात, त्यांना हात जोडायचे.

रात्रीचं काय, हा प्रश्न सगळ्यात शेवटी सुटला, आणि अजूनही पूर्ण सुटला असं मी म्हणणार नाही. स्टोअर कुलूपबंद ठेवलं तर ब्रेकडाउन लांबतो, उघडं ठेवलं तर स्टॉकचे आकडे दोन आठवड्यांत खोटे होतात. मधला मार्ग म्हणून रात्री लागण्याची शक्यता असलेल्या वस्तूंचं एक वेगळं कपाट केलं, त्याची किल्ली शिफ्ट इनचार्जकडे, आणि बाकी स्टोअरला किल्ली दोन सह्यांनी. स्लिप लहान केली. आधीच्या स्लिपवर इतके रकाने होते की अर्धे लोक कंटाळून ती लिहायचेच नाहीत. आता मशीन नंबर, वस्तूचा कोड, नग, सही. उरलेलं परत आणलं तर त्याच स्लिपच्या मागे. सकाळी पहिलं काम कपाट भरणं आणि स्लिपा चढवणं.

वर्षातून एकदा सगळं बंद करून मोजणी करायची प्रथा पण सोडली. त्याऐवजी रोज थोड्या वस्तू मोजायच्या, जास्त हलणाऱ्या आणि व्हायटल वारंवार, बाकीच्या कधीतरी. फरक निघाला की आकडा दुरुस्त करायची घाई करायची नाही, आधी का निघाला ते शोधायचं, कारण एकदा आकडा बदलला की कारण कायमचं पुरलं जातं. बहुतेक वेळा कारण साधंच निघालं, जोडी म्हणून आलेली वस्तू एक नग धरली किंवा मीटरमधली वस्तू गुंडाळीत मोजली.

आणि मग सॉफ्टवेअर. अपलोड करायचं काम या सगळ्यात सगळ्यात कमी वेळात झालं. त्याचा फायदा आहे, नाही असं नाही, शटडाउनच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी ठरवून प्लांट बंद ठेवायच्या, आधी प्रत्येक कामाचे पार्ट राखून ठेवता येतात, आम्ही ते क्रेटमध्ये भरून कामाचा नंबर लावून ठेवतो, गॅस्केट, बोल्ट, सील सगळं एकत्र, म्हणजे शटडाउनच्या दिवशी खिडकीवर रांग लागत नाही. काका आता खिडकीवर बसतात तर बारकोड मारून देतात, पण कोणी ‘तो हा पार्ट’ म्हणून हाताने आकार करून दाखवला तर अजूनही स्क्रीन न बघता सांगतात, आणि बरोबर सांगतात. त्यांना माहीत असलेल्या अशा खाणाखुणा प्रत्येक वस्तूच्या नोंदीत फोटोसकट टाकायचं काम चालू आहे.

सध्या डोक्याला ताप आहे तो जुन्या कंट्रोल कार्डांचा. मशीन ठणठणीत, अजून बरीच वर्षं चालेल, पण त्यातलं कार्ड बनवणं बंद होणार असं पत्र आलंय, शेवटची ऑर्डर अमुक तारखेपर्यंत द्या. किती घ्यायची? जास्त घेतली तर ती कार्डं पण डब्यात म्हातारी होणार, कपॅसिटर आहेतच त्यांच्यात, कमी घेतली तर उरलेल्या आयुष्यात मशीन एखाद्या कार्डावाचून बंद पडणार. एका मशीनची कंट्रोल सिस्टीमच बदलायची आणि तिची निघालेली कार्डं बाकीच्यांसाठी तपासून हिरव्या टॅगने ठेवायची असा प्रस्ताव मी दिलाय. अकाउंट्सचं म्हणणं आहे की त्या निघालेल्या कार्डांची किंमत वहीत शून्य धरायची, आणि मी म्हणतोय शून्य धरा, पण ती कार्डं विमा समजून ठेवा, हलवू नका. त्यावर बैठक अजून व्हायची आहे.